दात मोडतो बुंध्यात, खड्डे पडतात अंगावर: गिअर ट्रेनमधल्या ताणाचं गणित

साखर कारखान्यातला बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) वाहणारा कन्व्हेयर घेऊ. मोटर ७.५ किलोवॅट, १४४० आरपीएम. गिअरबॉक्समधून बाहेर साधारण ९० आरपीएम पाहिजेत, पुढे चेनवरून हेड शाफ्ट फिरणार. म्हणजे एकूण रिडक्शन (वेग किती पट कमी करायचा ते) १६ च्या आसपास. मी कोल्हापुरात उद्यमनगरात गिअरबॉक्स डिझाईनचं काम करते आणि आमच्याकडे अशी कामं कायम येतात. ऐन हंगामात एक दात गेला की गाळप अडतं आणि उसाच्या गाड्या गेटबाहेर रांगेत थांबतात. ज्याने ती रांग पाहिली आहे त्याला हे गणित नीट का करायचं ते सांगावं लागत नाही. म्हणून हेच काम धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत आकडे मांडते.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगते. गिअरचा दात दोन तऱ्हांनी जातो. एक तर तो बुंध्यातून मोडतो, नाहीतर त्याच्या अंगावर बारीक खड्डे पडत जातात, दाताचा आकार बिघडतो, आवाज वाढतो आणि मग सगळंच बिघडतं. दोन्हींची कारणं वेगळी, सूत्रं वेगळी आणि चालणारा ताण, म्हणजे दाताला झेपेल एवढा जास्तीत जास्त ताण, तोही वेगळा. कॉलेजात बुंध्यातल्या ताणाचं लुईसचं सूत्र घोटून घेतलेलं असतं, त्यामुळे नवी मुलं बुंधा तपासतात आणि तिथेच थांबतात. प्रत्यक्षात पोलादाच्या गिअरमध्ये बहुतेक वेळा आधी हरतो तो दाताचा पृष्ठभाग. आपल्या उदाहरणातही तेच होणार आहे.

दात किती, टॉर्क किती

रिडक्शन दोन टप्प्यांत विभागू. पहिला टप्पा १९ आणि ७७ दात, दुसरा १८ आणि ७१. गुणोत्तरं ४.०५ आणि ३.९४, एकूण १५.९८. बाहेर ९० आरपीएम मिळतात.

१८ ला ७२ केले असते तर नेमकं ४ आलं असतं, तरी मी ७१ घेते. १८ आणि ७१ मध्ये सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा (जोडीतल्या लहान गिअरचा) प्रत्येक दात गिअरच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो. एखाद्या दातात दोष असला तर तो त्याच त्याच जोडीदारावर आदळत राहत नाही. पिनियनला १७ पेक्षा कमी दात घेऊ नका. २० अंशाच्या प्रेशर अँगलला (दात एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) त्याखाली हॉब (दात कापणारं हत्यार) दाताचा बुंधाच खातो, आणि नेमका तोच भाग आपल्याला भक्कम हवा असतो. करेक्शन देऊन (हॉब थोडा बाहेर सरकवून) कमी दात काढता येतात, पण तो वेगळा विषय.

टॉर्क काढायला ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम. मोटरच्या शाफ्टवर ९५५० × ७.५ ÷ १४४० म्हणजे ४९.७ न्यूटन मीटर. मधल्या शाफ्टवर वेग ३५५ आरपीएम आणि टॉर्क २०१.६. आउटपुटला ७९५. घर्षणातला लॉस मी इथे धरत नाही, कारण तो न धरणं सुरक्षित बाजूचं असतं.

गणित नेहमी सावकाश फिरणाऱ्या टप्प्यापासून सुरू करा. टॉर्क तिथे जास्त असतो आणि बॉक्सचा आकारही तोच ठरवतो. तर दुसऱ्या टप्प्याचा पिनियन: १८ दात, मोड्यूल (दाताच्या आकाराचं माप, व्यास भागिले दात) ४, म्हणजे पिच सर्कलचा (दात एकमेकांना भेटतात त्या मानीव वर्तुळाचा) व्यास ७२ मिमी. फेस विड्थ (दाताची रुंदी) मोड्यूलच्या ८ ते १२ पट ठेवायचा रिवाज आहे, सुरुवातीला १० पट, म्हणजे ४० मिमी धरू.

दातावरचं स्पर्शरेषेतलं बल म्हणजे दुप्पट टॉर्क भागिले व्यास: २ × २०१६०० ÷ ७२ = ५६०० न्यूटन. पिच लाईनचा (त्याच वर्तुळावरचा) वेग ३.१४१६ × ७२ × ३५५.३ ÷ ६०००० = १.३४ मीटर प्रति सेकंद.

फॅक्टर: खरा निर्णय इथे असतो

५६०० न्यूटन हा मोटरच्या नेमप्लेटचा आकडा. दाताला प्रत्यक्षात सोसावं लागतं ते याहून बरंच जास्त. तीन फॅक्टरनी गुणून आपण त्याच्या जवळ जातो. सूत्र कोणीही भरेल, डिझाईन करणाऱ्याची परीक्षा या तीन आकड्यांत असते.

पहिला, कामाच्या स्वरूपाचा फॅक्टर. मोटर विजेची, म्हणजे चालवणारी बाजू शांत. चालणारी बाजू बगॅस कन्व्हेयर: माल कधी पातळ, कधी ढीग, मध्येच चोकअप. हा मध्यम धक्क्याचा प्रकार, म्हणून १.५. सुरळीत चालणाऱ्या पंख्याला १ धरतात, क्रशरसारख्या जोरदार धक्क्याच्या कामाला १.७५ किंवा त्याहून वर जावं लागतं. हा आकडा ऑफिसात बसून ठरवू नका. कन्व्हेयर भरलेला असताना बंद पडला तर पुन्हा तसाच सुरू करतात की आधी रिकामा करतात, हे तिथल्या फिटरला विचारा. त्याच्या एका उत्तराने हा फॅक्टर बदलतो.

दुसरा, वेगाचा फॅक्टर. दात अगदी अचूक कधीच नसतात, त्यामुळे एक दात सोडून दुसरा पकडताना ठोका बसतो आणि वेगाबरोबर तो वाढतो. हॉबिंग केलेल्या चांगल्या गिअरला (६ + वेग) ÷ ६, म्हणजे इथे १.२२. तोच दात मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून फॉर्म कटरने काढला तर (३ + वेग) ÷ ३ धरावं लागतं आणि तो १.४५ होतो. दात कुठल्या मशीनवर निघणार हे ठरल्याशिवाय हा आकडा लिहू नका.

तिसरा, भार रुंदीवर कसा पसरतो त्याचा. शाफ्ट थोडा वाकला, हाउसिंगची दोन बोअर थोडी तिरकी झाली, की ४० मिमी रुंदीपैकी एका टोकावरच सगळा भार येतो. पिनियनच्या दोन्ही बाजूंना बेअरिंग आहे, हाउसिंगचं बोअरिंग एकाच सेटिंगमध्ये होणार आहे आणि रुंदी ५० मिमीच्या आत आहे, तर १.३ पुरतो. मांडणी ढिली असेल तर १.६. पिनियन शाफ्टच्या लोंबत्या टोकाला बसवला असेल तर मी १.६ च्या खाली जात नाही.

५६०० × १.५ × १.२२ × १.३ = १३,३५५ न्यूटन. नेमप्लेटच्या जवळजवळ २.४ पट. यापुढे हेच बल धरायचं.

बुंध्यातला ताण

विल्फ्रेड लुईस यांनी १८९२ साली फिलाडेल्फियाच्या इंजिनिअर्स क्लबपुढे हे सूत्र मांडलं. भिंतीत ठोकलेल्या खुंटीच्या टोकाला वजन टांगलं तर ती भिंतीजवळ वाकून मोडायला बघते. दाताचंही लुईसनी तसंच धरलं. बल दाताच्या टोकावर, आणि सगळं एकाच दातावर. दाताच्या आकाराचा परिणाम एका फॉर्म फॅक्टरमध्ये बांधला. २० अंशाच्या पूर्ण उंचीच्या १८ दातांना तो ०.३०८, ७१ दातांना साधारण ०.४३.

ताण = बल ÷ (रुंदी × मोड्यूल × फॉर्म फॅक्टर) = १३,३५५ ÷ (४० × ४ × ०.३०८) = २७१ न्यूटन प्रति चौरस मिमी.

मोठ्या गिअरच्या दातावर बल तेवढंच, पण बुंधा रुंद, म्हणून ताण १९४ च्या आसपास. दोघांचं मटेरियल एकच असेल तर पिनियनच कच्चा दुवा.

एवढ्या जुन्या सूत्रावर विसंबायचं का, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. लुईसच्या सूत्रात दोन उणिवा आहेत. बुंध्याच्या फिलेटशी (दात जिथे गोलाईने गिअरला मिळतो तिथे) ताण एकवटतो, तो त्यात धरलेला नाही. उलट बाजूला, बल टोकावर असताना सहसा दोन जोड्या मिळून भार घेत असतात, आणि एकाच जोडीवर पूर्ण भार येतो तो दाताच्या मध्याकडे. म्हणजे एकीकडे ताण कमी दिसतो, दुसरीकडे जास्त. एजीएमए या अमेरिकन गिअर उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी धरून वेगळा जॉमेट्री फॅक्टर काढतात, आणि आपल्या पिनियनसारख्या दाताला तोही ०.३१-०.३२ च्या जवळपासच येतो. पहिल्या फेरीच्या डिझाईनला म्हणून लुईस चालतो. अंतिम ड्रॉइंग सोडण्याआधी मात्र पूर्ण पद्धतीने एकदा काढा.

आता चालणारा ताण. ईएन २४ हे मिश्र पोलाद टफनिंग करून ३०० ब्रिनेल (कठीणपणाचं माप) घेतलं तर एजीएमएच्या पहिल्या ग्रेडनुसार ०.५३३ × ३०० + ८८.३ = २४८. आपला २७१, म्हणजे नापास. २० एमएनसीआर ५ हे पोलाद केस हार्डन (फक्त वरचा थर कठीण) करून घेतलं तर ३७९ चालतो. ३७९ ÷ २७१ = १.४. पास.

इथे एक सूचना. चालणारा ताण एका स्टँडर्डचा आणि फॅक्टर दुसऱ्याचे असं कधी करू नका. आयएसओ ६३३६ या गिअरच्या ताकदीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये बुंध्यातला ताण वेगळ्या रीतीने काढतात आणि त्याच्या परवानगीचे आकडेही त्याच रीतीला जुळणारे असतात. एजीएमएचा ताण काढून तो आयएसओच्या तक्त्याशी ताडला तर उत्तर छान दिसतं, पण त्याला अर्थ नसतो.

अंगावरचा ताण

दोन दंडगोल एकमेकांवर दाबले की संपर्काच्या पट्टीत केवढा दाब येतो, याचा सिद्धांत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या डोळ्यापुढे काचेची भिंगं होती, पण गिअरच्या दाताला तो चपखल बसला.

आधी जॉमेट्रीचा आकडा: कोसाइन २० × साइन २० ÷ २ × गुणोत्तर ÷ (गुणोत्तर + १). म्हणजे ०.१६०७ × ३.९४ ÷ ४.९४ = ०.१२८.

मग ताण = १९१ × वर्गमूळ [बल ÷ (पिनियनचा व्यास × रुंदी × ०.१२८)]. १९१ हा पोलादावर पोलाद असतानाचा स्थिरांक. १३,३५५ ÷ (७२ × ४० × ०.१२८२) = ३६.२, त्याचं वर्गमूळ ६.०१, गुणिले १९१ म्हणजे ११४९ न्यूटन प्रति चौरस मिमी.

३०० ब्रिनेलच्या ईएन २४ ला चालतो २.२२ × ३०० + २०० = ८६६. फार मागे. केस हार्डन केलेल्याला १२४१. भागाकार १.०८.

१.०८ बघून ‘आठ टक्के शिल्लक’ म्हणू नका. सूत्रात वर्गमूळ आहे, म्हणून भाराच्या हिशोबात शिल्लक १.०८ चा वर्ग, म्हणजे साधारण १.१७. बुंध्याच्या १.४ शी तुलना करायची ती या १.१७ ची. आणि बघा, बुंधा मजबूत आहे, पृष्ठभाग त्याच्या बराच मागे. नुसता लुईस करून थांबलो असतो तर हे कळलंच नसतं.

एका कारखान्यातून असाच एक पिनियन माझ्या टेबलावर आला होता. एकही दात मोडलेला नव्हता. पिच लाईनच्या जरा खाली, बुंध्याच्या बाजूला, प्रत्येक दातावर मोहरीएवढ्या खड्ड्यांची रांग होती आणि ती फक्त एका टोकाकडे दाट. पिच लाईनच्या खाली घसरण आणि लोळण उलट दिशांना असतात, म्हणून चीर तिथे सुरू होते. आणि दाट टोक सांगत होतं की भार रुंदीभर पसरलाच नव्हता, म्हणजे तो तिसरा फॅक्टर. बुंध्याला नखाने चाचपलं तर तो गुळगुळीत होता.

हंगाम मोजा

वर वापरलेले चालणारे ताण १ कोटी फेऱ्यांसाठी दिलेले असतात. आपला पिनियन मिनिटाला ३५५ फेरे घेतो, तासाला २१,३००. गाळप हंगाम १५० दिवस आणि चोवीस तास धरला तर ३६०० तास. दहा हंगाम म्हणजे ३६,००० तास, म्हणजे साधारण ७७ कोटी फेऱ्या.

तेवढ्या आयुष्याला एजीएमएचा आयुष्याचा फॅक्टर पृष्ठभागासाठी ०.९ आणि बुंध्यासाठी ०.९४ येतो. एजीएमए दोन वक्र देते, हा त्यातल्या सौम्य वक्राचा आकडा. महत्त्वाच्या कामाचा दुसरा वक्र आणखी खाली जातो. म्हणजे पृष्ठभागाला चालणारा ताण १२४१ वरून ११२३ वर आला आणि आपला आहे ११४९. जे पास झालं होतं ते नापास.

आता काय करायचं? रुंदी ४० ची ४८ करू. पृष्ठभागाचा ताण रुंदीच्या वर्गमूळाने उतरतो: १०४९. बुंध्याचा सरळ उतरतो: २२६. पृष्ठभागाला भाराच्या हिशोबात शिल्लक १.१५, बुंध्याला १.५८. रुंदी अजून ५० च्या आत आहे, म्हणून १.३ चा फॅक्टर तसाच राहतो. हे मला पटतं.

दुसरा रस्ता पुष्कळांना आवडतो: केस हार्डनिंग आणि ग्राइंडिंगचा खर्च नको, मोड्यूल ५ करू आणि ईएन २४ टफनिंगवर भागवू. तोही मांडून पाहू. व्यास ९०, बल ४४८० वर येतं, रुंदी ५०. बुंध्यात फक्त १४५, फार छान. पृष्ठभागावर ८४१, चालणारा ८६६, पण हंगामाचा हिशोब लावला की ७८४. नापास. रुंदी ६० केली तर ७६७, कागदावर पास, पण एवढ्या रुंदीला भार पसरण्याचा फॅक्टर वाढतो आणि ती शिल्लक खाऊन टाकतो. शिवाय सेंटर डिस्टन्स १७८ ची २२२.५ मिमी होते, म्हणजे बॉक्स, कास्टिंग आणि वजन सगळंच वाढलं. या कामाला मी मोड्यूल ४ केस हार्डनच घेईन. जो कन्व्हेयर दिवसातून दोन-चार तास चालतो, त्याला मी बिनदिक्कत दुसरा रस्ता घेईन.

बाकीच्या तपासण्या

पहिला टप्पा पटकन उरकू. मोड्यूल ३, पिनियन १९ दात, रुंदी ३६. बल १७४५ न्यूटन, वेग ४.३, वेगाचा फॅक्टर १.७२. बुंध्यात १७२, अंगावर ८९७. तीनशे कोटींच्या वर फेऱ्या होतात, तरी चालणारा १०८७ उरतो. आरामात बसतं. फक्त ७७ दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास २३७ आहे, तो आउटपुट शाफ्टला घासत नाही ना हे बघा. १७८ मिमी अंतरात ११८.५ गेले, शाफ्टला जागा राहते.

डीओएल स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा) मोटर सुरू होताना टॉर्क पूर्ण भाराच्या अडीच पटीपर्यंत जाऊ शकतो. ५६०० × २.५ × १.३ धरून ४८ मिमी रुंदीला बुंध्यात साधारण ३०८ येतो. हा थकव्याचा ताण नाही, क्वचित येणारा आहे, म्हणून तो मटेरियलच्या यील्डशी (ज्या ताणाला माल कायमचा वाकतो) ताडायचा, ३७९ शी नाही.

ट्रेनमध्ये आयडलर (दोन गिअरच्या मधला, नुसती गती पुढे देणारा गिअर) असेल तर विसरू नका: त्याचा दात एका फेऱ्यात दोन्ही बाजूंनी वाकतो. बुंध्याला चालणारा ताण ७० टक्केच धरा.

आता पिनियनच्या बोअरकडे बघा. मोड्यूल ४ चा १८ दातांचा पिनियन, बुंध्याचा व्यास ६२. शाफ्ट ४५ चा असेल तर एका बाजूला ८.५ मिमी माल राहतो, त्यातून हबमधल्या कीवेची (चावी बसवायच्या खाचेची) ३.८ मिमी खोली वजा केली तर ४.७. दाताची पूर्ण उंची ९ मिमी, आणि दाताखाली तिच्या किमान १.२ पट माल हवा, म्हणजे १०.८. तेवढा नसेल तर वरचं सगळं गणित लागूच होत नाही, कारण दाताआधी खालची कड वाकते आणि चीर कीवेच्या कोपऱ्यातून निघते. या पिनियनला उपाय एकच, दात शाफ्टवरच काढायचे.

ड्रॉइंगवर काय लिहाल

३७९ आणि १२४१ हे आकडे आपण वापरले ते केस (वरचा कठीण थर) नीट झाली असेल तरच खरे. म्हणून ड्रॉइंगवर मटेरियल आणि ५८-६२ रॉकवेल सी (कठीणपणाचं दुसरं माप) एवढ्यावर थांबू नका. ग्राइंडिंगनंतरची केस डेप्थ (त्या थराची खोली) लिहा. मोड्यूल ४ ला मी ०.६ ते ०.८ मिमी लिहिते. हीट ट्रीटमेंटवाल्याला ग्राइंडिंगला जाणारा माल धरून जास्त खोली सांगावी लागते, नाहीतर चाक केसच काढून टाकतं.

हॉब प्रोट्युबरन्सवाला मागा. तो बुंध्याशी किंचित आत कापतो, त्यामुळे ग्राइंडिंगचं चाक फिलेटला लागत नाही. साधा हॉब वापरून नंतर ग्राइंडिंग केलं तर चाक जिथे थांबतं तिथे बारीक पायरी राहते. ताण सगळ्यात जास्त असतो त्याच जागी ती खाच बसते, आणि फॉर्म फॅक्टरमध्ये तिचा हिशोब नसतो. तपासायला फिलेटवरून नख फिरवा, पायरी असेल तर नख अडकतं. ग्राइंडिंगने दात जळाला आहे का ते नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) लावून बघतात. जळालेली जागा काळपट डागासारखी दिसते, तो पिनियन परत पाठवा.

असेंब्लीत पिनियनच्या दातांना प्रशियन ब्लू लावून बॉक्स हाताने फिरवा आणि गिअरवरचा ठसा बघा. ठसा रुंदीच्या मध्यावर आणि तिच्या बहुतेक भागावर उमटला तर १.३ धरणं बरोबर होतं. तो एका टोकाला सरकलेला असेल तर आपला फॅक्टर १.३ राहत नाही. बोअर आणि बेअरिंगची बसणूक दुरुस्त करून पुन्हा ब्लू लावा, आणि ठसा मध्यावर आल्यावरच झाकण बसवून तेल भरा.